बाठ्याचा टेम्पो

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रत्नागिरीत ज्यांच्या दारात आंब्याचं एक कलम नाही तेही या दिवसांत आभाळाकडे बघतात, कॅनिंगवाले जरा जास्तच बघतात. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या मागच्या दारी मी उभा होतो. पुढच्या दारी क्रेटनी भरलेल्या गाड्या लागलेल्या, आत बायका आंबे धुऊन देठाकडचा भाग उडवत होत्या, आणि मागच्या दारी त्या सगळ्याचं उरलंसुरलं येऊन पडत होतं. एका बाजूला साली, दुसऱ्या बाजूला बाठे. ढिगाच्या बुडातून पिवळा ओघळ निघून गटाराकडे चालला होता. सकाळी गोड वाटलेला वास दुपारपर्यंत आंबट झाला होता.

"पाऊस लागला तर ह्याचं काय करणार?" मी विचारलं.

मालकांनी उत्तरादाखल टेम्पोवाल्याला फोन लावला. तो उचलत नव्हता.

चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द आता चर्चासत्रांत रुळला आहे. एका उद्योगाचा टाकाऊ माल दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, आणि त्यासाठी उद्योगांनी एकमेकांचा हात धरावा, एवढाच त्याचा अर्थ. रत्नागिरीपुरतं हे प्रकरण कुठे अडतं, ते मला त्या न उचललेल्या फोनमध्ये जितकं दिसलं तितकं कुठल्याही सादरीकरणात दिसलेलं नाही.

कारण गोष्ट नवी नाहीच. माझ्या आजोळी माळ्यावर आंब्याची आढी लागायची. खाली भाताचा पेंढा, त्यावर आंबे, पुन्हा पेंढा. पेंढा कार्तिकातल्या झोडणीचा, आंबा वैशाखातला. आंबा उतरला की तोच पेंढा गुरांपुढे, गुरांच्या पायाखाली तुडवला गेलेला उकिरड्यात, आणि उकिरड्यातलं शेण पुन्हा भाताच्या खाचरात. रातांब्याच्या सालीचं आमसूल, बियांचं मुठेल. थंडीत टाचा फुटल्या की आजी तेच चोळायची. नारळाचं सोडण बंबात, झावळ्यांचे झाप पडवीला, हिरांची केरसुणी. सुक्या मासळीतलं जे खाण्याजोगं राहिलं नसेल ते माडाच्या बुडाशी. आगर, शेत, गोठा, खाडी हे चार वेगळे धंदे होते, आणि एकाचं उरलेलं दुसऱ्याकडे जायला बैलगाडीही लागत नसे, डोक्यावरची पाटी पुरे.

हे लिहिताना गळा काढण्याचा मोह होतो, तो आवरतो. त्या व्यवस्थेत पाटी वाहणारी बाई होती आणि तिला कुणी मजुरी देत नव्हतं. चक्र फिरायचं ते तिच्या मानेवर. आज ती मजुरी मागते, आणि योग्यच मागते. त्यामुळे हिशेब नव्याने मांडायला लागतो.

आढीतला पेंढा पुढे पेटीत गेला आणि तिथून वाशीला. पेटी फुटते, आंबा विकला जातो, आणि पेंढा नवी मुंबईच्या कचऱ्यात जमा होतो. कोकणातल्या खाचरातून निघालेला काडीकचरा घाट किंवा खाडी ओलांडून परत येत नाही. प्लास्टिकचे क्रेट मात्र परत येतात, कारण त्यांची किंमत कुणाच्या तरी वहीत लिहिलेली असते. एवढा फरक मला पुरेसा बोलका वाटतो.

आता बाठ्याकडे येऊ. शंभर किलो आंबा कॅनिंगला घातला तर तिसरा हिस्सा तरी साल आणि बाठा म्हणून मागे उरतो. हापूसच्या कॅनिंगचा हंगाम जेमतेम महिन्याभराचा, त्यातही खरा जोर मे महिन्याच्या उत्तरार्धात, बाजारात भाव पडले की. म्हणजे वर्षाचा सगळा बाठा तीन-चार आठवड्यांत, पावसाच्या तोंडावर पडतो.

या बाठ्याला रत्नागिरीत एक जुनं गिऱ्हाईक आहे: रोपवाटिका. कोय कलमाची पद्धत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) शास्त्रशुद्ध करून शेतकऱ्यांपर्यंत नेली. बाठा गादीवाफ्यावर रुजत घालायचा, कोंब फुटून तांबूस कोवळी पानं आली की दहा-पंधरा दिवसांचं रोप बाठ्यासकट उपटायचं, बोटभर उंचीवर छाटून मधोमध चीर द्यायची आणि त्यात हापूसची पाचर बसवायची. हवेत दमटपणा भरपूर लागतो, म्हणून काम जुलै-ऑगस्टचं. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कलमांना अशी मागणी आली की गावोगाव रोपवाटिका उभ्या राहिल्या. कलम बांधणारा कुशल गडी दिवसाला शेकड्यांनी कलमं बांधू लागला, आणि कालपर्यंत पायाखाली येणारा बाठा पोरं गोणीत भरून विकू लागली. सरकारने बाठ्यासाठी काहीच केलं नव्हतं. कलमाला गिऱ्हाईक दिलं, बाठ्याला भाव आपोआप आला.

अडचण दोन ठिकाणी आहे. रोपवाटिकेवाल्याला खुंटासाठी रायवळाचा बाठा हवा असतो, कारखान्यात ढीग हापूसचा. आणि आंब्याची बी धान्यासारखी वर्षभर राहत नाही. सुकली की तिची रुजण्याची ताकद महिन्याभरात जाते, ढिगात तापून आंबली तर त्याहून लवकर. म्हणजे कारखान्याने रायवळाचा गर ज्या दिवशी काढला, त्याच्या दोन-चार दिवसांत बाठा वाफ्यावर पोचला पाहिजे. इथे टेम्पो लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत रत्नागिरीतला प्रत्येक टेम्पो आंबा वाहत असतो, कारण बाठ्यापेक्षा आंब्याला भाडं जास्त मिळतं.

रोपवाटिका सगळा बाठा कधीच घेणार नाही, हेही खरं. पण बाठा फोडला तर आत जी कोय निघते तिच्यात तूप असतं. कोरड्या कोयीच्या दहाएक टक्के. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटसाठी जो नियम केला, त्यात कोकोच्या लोण्याखेरीज सहा वनस्पतिजन्य स्निग्धांना पाच टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्या सहांतला एक आंब्याच्या कोयीचा, आणि दुसरा चक्क आमच्या कोकमाचा. आजीने टाचेला चोळलेलं मुठेल ब्रुसेल्सच्या यादीत नाव लावून बसलं आहे, हे तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, "मग ते भाव काय देतात?" प्रश्न बरोबर आहे. कोय फोडून वाळवायला ऊन लागतं, आणि कोकणात बाठा पडतो तेव्हा ऊन संपत आलेलं असतं. वाळवणीला उष्णता हवी. उष्णता कुणाकडे फुकट जाते? ज्यांच्याकडे बॉयलर आहे त्यांच्याकडे. म्हणजे कोयीचं तूप हा आंबेवाल्याचा एकट्याचा धंदा होऊच शकत नाही. शेजारच्या कारखान्याच्या धुरांड्याशी त्याला सोयरीक करायला लागेल.

अशी सोयरीक जगात जिथे नावाजली गेली ते गाव डेन्मार्कमधलं कालुंडबोर्ग. रत्नागिरीपेक्षाही लहान बंदराचं गाव. १९६१ साली तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी विहिरींवर भार नको म्हणून तिसो तळ्यातून नळ टाकला गेला. १९७२ पासून त्याच कारखान्यात जळून जाणारा वायू प्लास्टरबोर्ड करणाऱ्या शेजाऱ्याला मिळू लागला. पुढे वीज केंद्राची वाफ औषधाच्या कारखान्याला, कोमट पाणी मत्स्यपालनाला, औषध कारखान्याचा यीस्टचा गाळ डुकरांना. १९९३ पासून वीज केंद्राच्या धुरातून गंधक धुताना निघणारं जिप्सम पुन्हा त्या प्लास्टरबोर्डवाल्याला. हे सगळं कुणी आराखडा करून केलेलं नव्हतं. एकेक सौदा, दोघांना परवडला म्हणून. या प्रकाराला औद्योगिक सहजीवन असं नाव १९८९ मध्ये मिळालं, म्हणजे काम सुरू झाल्यावर अठ्ठावीस वर्षांनी. अभ्यासकांनी कारण शोधलं तेव्हा एक साधी गोष्ट पुढे आली: गाव लहान, कारखान्यांचे व्यवस्थापक एकमेकांना ओळखत.

रत्नागिरीही लहान आहे. मारुती मंदिराच्या चौकात संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं तर कॅनिंगवाला, बर्फवाला, बोटमालक, काजूवाला आणि बँकेचा मॅनेजर, सगळे भेटतात. एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला जातात. एकमेकांच्या मागच्या दारी मात्र कुणी जात नाही. मागचं दार म्हणजे प्रदूषण मंडळाची नोटीस, शेजाऱ्याची तक्रार, ग्रामपंचायतीचा ठराव. तिथे पाहुणा कोण नेतो?

शिवाय आमच्याकडे उद्योग हा शब्दच भांडून आलेला आहे. स्टरलाइटचा तांबे प्रकल्प १९९३ मध्ये इथल्या लोकांनी अडवला आणि तो पुढे तमिळनाडूत गेला. एन्रॉन, जैतापूर, नाणार, बारसू ही नावं जिल्ह्यात गावांची किंवा कंपन्यांची राहिलेली नाहीत, बाजू घेण्याची झाली आहेत. अशा ठिकाणी कुणी सांगितलं की एका कारखान्याचा कचरा दुसऱ्या गावात नेऊन उपयोगात आणतो, तर पहिला प्रश्न 'नक्की काय आणताय' हाच येणार. लोट्याच्या रासायनिक वसाहतीचं सांडपाणी आणि दाभोळ खाडीतले मच्छीमार यांचं दुखणं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हा संशय शिकवावा लागत नाही. मला तो अडथळा वाटत नाही. तो हिशेबात धरायचा खर्च आहे.

मिरकरवाडा बंदरावर गेलं की वेगळाच धडा मिळतो. तिथे काही वाया जात नाही. पहाटे बोटी लागतात. सुरमई, पापलेट, कोळंबी आधी उतरते. राणी मासा सुरीमीला जातो. पूर्वी या माशाला घरगुती गिऱ्हाईक फारसं नव्हतं. त्याचा गर धुऊन, घट्ट करून परदेशी पाठवण्याचा उद्योग रत्नागिरीत गद्रे मरीनने उभा केला आणि राणीला मान मिळाला. सुरीमीत माशाच्या वजनाचा तिसरा हिस्साही मुश्किलीने उतरतो. डोकी, काटे, आतडी जातात फिशमीलला, आणि त्यासोबत बंदरावरची कुटी, म्हणजे बारीक, मोडकी, विकायला न बसणारी मासळी. चार-पाच किलो ओल्या मालातून किलोभर भुकटी, शिवाय तेल. भुकटी जाते कोळंबीच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात. कागदावर पाहिलं तर याहून सुंदर चक्र सापडणार नाही.

आणि इथेच मला पहिल्यांदा या सगळ्या विचाराची धास्ती वाटली. कुटीला पक्कं गिऱ्हाईक मिळालं तशी कुटी हा उरलेला माल राहिला नाही. बारीक आसाच्या जाळ्यांत बोटभर बांगडा, हाताच्या चिमटीत मावेल एवढी राणी येऊ लागली, आणि बोटीच्या डिझेलच्या हिशेबात तिचेही पैसे धरले जाऊ लागले. जी मासळी आणखी वर्षभर समुद्रात राहिली असती तर दहापट वजनाची झाली असती, ती पोत्यात. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, तो याच पार्श्वभूमीवर. टाकाऊला भाव देताना हा धोका कायम असतो: भाव चांगला मिळाला की लोक टाकाऊ मुद्दाम तयार करतात. बाठ्याचं तसं होत नाही, बाठ्यासाठी कुणी आंबा कापत नाही. माशाचं होतं. उद्योगांनी हातमिळवणी करावी म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा मिरकरवाड्याच्या धक्क्यावर पोत्यात हात घालून बघावा.

राखेची गोष्ट याच जातीची आहे, फक्त आकडे मोठे. जयगडला १२०० मेगावॉटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे. त्याहून पुष्कळ लहान, रनपारला फिनोलेक्सचं स्वतःच्या वापराचं. कोळसा जळला की राख उरते. १९९९ साली केंद्र सरकारने पहिली अधिसूचना काढून वीज केंद्रांना राखेचा उपयोग करायला सांगितलं. तेव्हा केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या बांधकाम साहित्यात राख वापरायची होती. पुढच्या सुधारणांत ते अंतर १०० आणि मग ३०० किलोमीटर झालं. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने उपयोगात न आणलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई लावली. त्यानंतर राख वाहून नेण्याचं भाडं कोण देणार हा वाद बराच मिटला, कारण पडून राहणंच महाग झालं. सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत राख मिसळायला भारतीय मानक मुभा देतं. रत्नागिरीत तर जाफराबादहून समुद्रातून क्लिंकर आणून दळणारा कारखाना नर्मदा सिमेंटच्या काळापासून आहे. इथल्या घरबांधणीत मात्र जांभ्याचा चिरा अजून राजा आहे. राखेची वीट बघून गवंडी तोंड वाकडं करतो.

राखेचा सौदा जमला, बाठ्याचा जमला नाही, असं का? राख वर्षभर पडते, सडत नाही, एकाच ठिकाणी पडते आणि तिच्यामागे दंड आहे. बाठा महिनाभर पडतो, सडतो, विखुरलेला पडतो आणि त्याला कुणी विचारत नाही. राखेतही कुटीचाच फास आहे म्हणा. एकदा सिमेंट राखेवर विसंबलं की कोळशाला एक वकील मिळतो. कालुंडबोर्गच्या वीज केंद्राने अलीकडे कोळसा सोडून लाकडाचे तुकडे जाळायला घेतले. कोळसा सुटला की धुरातलं जिप्समही सुटतं, आणि शेजाऱ्याला नवी सोय पाहायला लागते.

घाटावर लोक म्हणतील, आमच्याकडे बघा. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना सुरू केला. तेव्हापासून ऊस कसा पूर्ण पिळायचा ते साखर पट्ट्याने शिकून घेतलं. चिपाडावर वीज आणि कागद, मळीतून मद्यार्क आणि इथेनॉल, प्रेसमडचं खत. खरं आहे. पण ऊस एकाच गव्हाणीत येतो आणि उरलेलं सगळं एकाच मालकीच्या आवारात पडतं. तिथे शेजाऱ्याला विचारायला लागत नाही. कोकणात पीक शंभर ठिकाणी, मालक शंभर, आणि प्रत्येकाचा हंगाम निराळा.

पण हंगाम निराळा असणं हीच कोकणची खरी मिळकत आहे, असं मला आता वाटू लागलं आहे. दिनदर्शिका पुढ्यात घ्या. ऑगस्टला मासेमारीवरची बंदी उठते, तिथपासून मेअखेरपर्यंत मासळीचा कचरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेंढा. फेब्रुवारी-मार्चपासून काजूचे बोंडू. बीच्या सहा-आठ पट वजन बोंडाचं, गोव्यात त्याची फेणी होते (तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं), आणि आमच्याकडे बरेचसे झाडाखाली कुजतात, कारण दिवसभरात वापरले नाहीत तर ते कामाचे राहत नाहीत. एप्रिल-मेमध्ये रातांबा. मेमध्ये साल आणि बाठा. हॉटेलांचं आणि मंडईचं वर्षभर. बायोगॅसचं संयंत्र म्हणजे दुभती म्हैस, तिला बारा महिने वैरण लागते. एकट्या आंब्याच्या सालीवर ती महिना काढेल, अकरा महिने उपाशी. म्हणून एकेका कारखान्याने स्वतःचं संयंत्र बसवलं की ते पुढे गंजतं.

आणि मिसळण्यात शास्त्रही आहे. नुसती साल घातली तर तिच्यातल्या साखरेने आंबटपणा वाढतो आणि जिवाणू गप्प बसतात. नुसती मासळीची घाण घातली तर नत्र इतकं की अमोनियाने तेच होतं. दोन्ही एकत्र करून कर्ब आणि नत्राचं प्रमाण वीस-तीसास एक असं साधलं की संयंत्र सुरळीत चालतं. म्हणजे आंबेवाल्याला आणि मासेवाल्याला एकमेकांची गरज अक्षरशः पोटातून आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय (१९८१) आणि दापोलीचं फळशास्त्र एकाच विद्यापीठात नांदतात, ही सोय दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला आहे?

त्याच ओळीत आणखी एक जोडी. कोळंबी गोठवून पाठवताना जवळपास निम्मं वजन डोक्या-टरफलांत जातं. टरफलावर आम्लाची आणि मग अल्कलीची प्रक्रिया केली की कायटिन, त्यातून कायटोसान. कायटोसानचा पातळ लेप दिलेला आंबा उशिरा पिकतो, हे प्रयोगशाळांत वारंवार दिसलं आहे. मिरकरवाड्याच्या कोळंबीचं कवच हापूसच्या अंगावर चढून परदेशी जाऊ शकतं. शाकाहारी गिऱ्हाईक काय म्हणेल, हा प्रश्न आहेच. तो सोडवायला शास्त्रज्ञ उपयोगाचा नाही.

काजूच्या टरफलाचंही तसंच. टरफलातल्या तेलाने हाताची कातडी सोलते, काजूच्या कारखान्यातली बाई म्हणूनच हाताला राख लावून बसते. पश्चिम किनाऱ्यावर होड्यांच्या लाकडाला आणि जाळ्यांना ते तेल लावत, कीड लागू नये म्हणून. होड्या फायबरच्या झाल्या, ते नातं तुटलं. आता तेच तेल गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरांत आणि रंगांत जातं, आणि तेल न काढलेलं टरफल बॉयलरमध्ये. कुठल्या तरी धुरांड्यातून त्याची उष्णता वर जाते. कोयी वाळवायला हवी होती ती.

त्या दिवशी टेम्पो संध्याकाळी सातला आला. ड्रायव्हरने आधी भाडं विचारलं, मग ढीग बघून दीडपट सांगितलं. साली कुठे टाकायच्या यावर थोडी कुजबुज झाली, ती मी ऐकू नये म्हणून मालक मला चहाला आत घेऊन गेले. रायवळाच्या बाठ्यांच्या आठ गोण्या मात्र वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. त्या एका रोपवाटिकेवाल्याने स्वतःच्या रिक्षा-टेम्पोतून रात्रीच नेल्या.

जुलैत त्याच रोपवाटिकेत गेलो. बाहेर धो धो पाऊस, आत शेडनेटखाली दोन गडी पाटावर बसलेले. तांबूस रोप बाठ्यासकट डाव्या हातात, चाकू उजव्या हातात. छाट, चीर, पाचर, आणि प्लास्टिकच्या पट्टीचे चार वेढे. एका कलमाला मिनिटभरही लागत नव्हतं. बाठ्याची फट उघडी पडून आतली हिरवट डाळ दिसत होती.

"कॅनिंगचे किती रुजले?" मी विचारलं.

"निम्म्याच्या वर. उशिरा आले, नाहीतर अजून रुजले असते," त्यातला एक म्हणाला.

बांधलेलं कलम तो शेणखत-मातीने भरलेल्या काळ्या पिशवीत खोचत होता. वर्षभराने गिऱ्हाईक नेईल तेव्हा ही पिशवी ब्लेडने उभी फाडून कलम खड्ड्यात उतरवतील. फाडलेल्या पिशव्यांचं काय होतं, असं विचारलं तर त्याने हनुवटीने बांधाकडे खूण केली. गेल्या वर्षीच्या तिथेच होत्या, पावसाने धुऊन चकचकीत झालेल्या.